डिश काढून टाकायची का? छत्री, केबल आणि फायबरचा चिंचणीतला हिशेब

पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. बोलताना आलेले ‘म्हणजे म्हणजे’ आणि मध्येच घुसलेली शेजारच्या कोंबड्याची बांग काढून टाकली आहे. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय तुमच्याकडूनच आला. बऱ्याच जणांनी वेगवेगळ्या शब्दांत एकच विचारलं: घरात फायबर आलंय, टीव्ही स्मार्ट घेतलाय, मोबाईलच्या पॅकमध्ये दोन-चार ॲप फुकट आहेत, मग दर महिन्याला डिशचं किंवा केबलचं रिचार्ज कशाला मारायचं?

मी चिंचणीचा. बीटेक करून सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो आणि बरंचसं काम घरूनच होतं. त्यामुळे इंटरनेट बंद पडलं की घरात सगळ्यात आधी मलाच कळतं. वर नेटवर्किंग हा शिकलेला विषय. म्हणून नुसतं ‘काढून टाका’ किंवा ‘राहू द्या’ असं न सांगता, आत नेमकं काय चालतं ते उलगडून सांगतो. निर्णय तुमचा तुम्ही घ्या.

उत्तर हवं असेल तर आधीच देतो. चांगलं फायबर असलेल्या बऱ्याच घरांना डिश काढता येईल. पण एक एक करून सगळीच घरं निघाली तर मागे कोण उरतं, हा प्रश्न घराच्या बिलात दिसत नाही. शेवटी त्याच्यावर येतो.

इथपर्यंत कसे आलो

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. त्याला बरोबर वीस वर्षं झाली त्या दिवशी, २ ऑक्टोबर १९९२ ला, झी टीव्ही आलं. त्याच्या आधीच्या वर्षी स्टार टीव्ही आला होता. गावोगावी कुणीतरी गच्चीवर मोठी छत्री लावली, विजेच्या आणि फोनच्या खांबांवरून काळी वायर ओढली आणि ‘केबलवाला’ हा नवीन धंदा जन्माला आला. कायदा मागून आला, १९९५ मध्ये.

त्या काळ्या वायरीवर सगळे चॅनल सगळ्यांना एकदमच जायचे. कुठल्या घराने कुठल्या चॅनलचे पैसे भरलेत, हे वायरीला कळायचं नाही. इतकंच काय, एकूण किती घरं जोडलीत हेसुद्धा केबलवाला सांगेल तेच खरं. चॅनलवाले म्हणायचे, हा घरं कमी दाखवतो. केबलवाला म्हणायचा, तुम्ही भाव जास्त लावता. हे भांडण मिटवायचा तांत्रिक उपाय म्हणजे सेट टॉप बॉक्स. प्रत्येक घरात कुलूप आणि किल्ली वेगळी, म्हणजे मोजणी आपोआप होते.

आधी डीटीएच आलं: २००३ मध्ये डिश टीव्ही, २००४ च्या डिसेंबरमध्ये दूरदर्शनची फुकटची सेवा (आजचं डीडी फ्री डिश), २००६ मध्ये टाटा स्काय. मग केबललाही बॉक्स सक्तीचा झाला. पहिला टप्पा २०१२ मध्ये मुंबईसारख्या महानगरांत, आणि आपल्यासारख्या गावांचा शेवटचा, चौथा टप्पा २०१७ च्या मार्चअखेर.

आता तारखांची गंमत बघा. गावाकडच्या केबलला डिजिटल व्हायची मुदत संपली मार्च २०१७ ला. जिओ सुरू झालं ५ सप्टेंबर २०१६ ला. हॉटस्टार २०१५ चं, नेटफ्लिक्स आणि प्राइम व्हिडिओ भारतात २०१६ मध्ये. म्हणजे गावातल्या केबलवाल्याने कर्ज काढून बॉक्स बसवले, तेव्हा त्या बॉक्सची जागा घेणारी गोष्ट गिऱ्हाइकाच्या खिशात येऊन बसली होती.

दवंडी आणि निरोप

आता या भागातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. एवढी लक्षात राहिली तरी पुरे.

टीव्हीचं प्रक्षेपण म्हणजे दवंडी. एकजण चौकात उभा राहून ओरडतो. ऐकायला दहा माणसं असोत की दहा हजार, त्याला ओरडावं लागतं एकदाच. उपग्रह हेच करतो. जमिनीपासून जवळपास ३५,८०० किलोमीटरवरून तो एक एचडी चॅनल पाच-आठ एमबीपीएसमध्ये खाली सोडतो. चिंचणीत एक छत्री वाढली म्हणून उपग्रहाला एक पैसाही जास्त लागत नाही.

स्ट्रीमिंग म्हणजे घरोघरी जाऊन दिलेला निरोप. प्रत्येक घरासाठी वेगळी फेरी. तुम्ही आणि तुमचा शेजारी एकच मॅच एकाच वेळी बघत असलात, तरी साधारणपणे दोघांना दोन वेगळ्या प्रती पाठवल्या जातात.

आकडा लावून बघू. १९ नोव्हेंबर २०२३, अहमदाबादला वर्ल्ड कपची फायनल. आपण हरलो ते सोडा. त्या दिवशी हॉटस्टारवर एका क्षणी ५.९ कोटी लोक एकदम बघत होते. प्रत्येकाला सरासरी २ एमबीपीएस धरले, तर एकूण ११८ टेराबिट प्रतिसेकंद. हा आकडा माझा, नुसता गुणाकार करून काढलेला. पण अंदाज येतो. तीच मॅच उपग्रहावरून त्याच पाच-आठ एमबीपीएसमध्ये देशभर जात होती.

मग स्ट्रीमिंग चालतं तरी कसं? व्हिडिओचे काही सेकंदांचे छोटे तुकडे पाडतात. प्रत्येक तुकडा चार-पाच दर्जांत तयार ठेवतात, धूसर ते एकदम स्वच्छ. या तुकड्यांच्या प्रती मुंबईसारख्या शहरांतल्या सर्व्हरवर ठेवलेल्या असतात, म्हणजे प्रत्येक फेरी लांब मारावी लागत नाही. तुमचा टीव्ही दर तुकड्याला बघतो की मागचा तुकडा किती वेगाने आला, आणि पुढचा कुठल्या दर्जाचा मागायचा ते ठरवतो. चित्र मध्येच धूसर होऊन परत स्वच्छ होतं ते यामुळे. आणि हाताशी दोन-चार तुकडे जमल्याशिवाय दाखवायला सुरुवात करत नाही, म्हणून लाइव्ह मॅच मागे राहते. समोरच्या घरात डिशवर विकेट पडल्याची आरोळी येते आणि आपल्याकडे बोलर अजून रनअपच्या टोकाला उभा असतो. ते यामुळेच.

पावसात छत्री का रुसते

चिंचणीत हा प्रश्न दर जूनला येतो. घरावरची छोटी छत्री क्यू बँड नावाच्या लहरी पकडते. त्यांची लांबी साधारण अडीच सेंटिमीटर. मोठ्या पावसाचे थेंब काही मिलिमीटरचे असतात. लहर जितकी आखूड, तितके थेंब तिला जास्त शोषतात आणि विखुरतात. म्हणून धो-धो सर आली की ‘सिग्नल नाही’.

केबलवाल्याची ती भलीमोठी छत्री सी बँडची. तिथे लहर साडेसात सेंटिमीटरच्या आसपास, म्हणून पावसाचा त्रास बराच कमी. पूर्वी शेजाऱ्याची डिश बंद आणि आपली केबल चालू असं व्हायचं, त्यात केबलवाल्याची हुशारी नव्हती. फक्त लहर लांब होती.

पण केबलचं दुखणं वेगळं. तांब्याच्या वायरीत सिग्नल लवकर मरतो, म्हणून थोड्या थोड्या अंतरावर ॲम्प्लिफायर लागतो आणि त्याला वीज लागते. तुमच्या घरी लाइट आहे पण मागच्या आळीत गेली, तर तुमची केबल गेली. वर आपल्याकडची खारी हवा. जोडणीच्या पिना हिरव्या पडतात, छत्रीचे नटबोल्ट दोन पावसाळ्यांत गंजतात. किनाऱ्यावर राहणाऱ्याला हे सांगायला नको.

फायबर इथे जिंकतं. काच गंजत नाही. ऑपरेटरच्या खोलीपासून तुमच्या घरापर्यंत मध्ये कुठेही वीज लागत नाही. ऑपरेटरकडे बॅटरी आणि तुमच्या राउटरला छोटा यूपीएस असेल, तर लाइट गेली तरी नेट चालू राहतं. फायबरचे शत्रू दोनच. वादळात पडणारी फांदी आणि रस्ता खोदणारा जेसीबी.

आठ वाजता गोल गोल का फिरतं

आमच्याकडचे केबलवाले काका आता फायबर देतात. मी त्यांना विचारलं, काका, फरक काय पडला? ते म्हणाले, “अरे, पूर्वी पाऊस पडला की फोन यायचा, चित्र दिसत नाही. आता पाऊस नसला तरी फोन येतो, गोल गोल फिरतंय.”

हे फिरणं समजून घेऊ. तुमच्या गल्लीत येणारा काचेचा एक धागा बहुतेक ठिकाणी ३२ घरांत वाटलेला असतो. हे वाटप करतो स्प्लिटर, खांबावरच्या डबीत बसवलेला. नेहमीच्या जीपॉन पद्धतीत त्या धाग्यावर खाली यायला सुमारे २.५ गिगाबिटची जागा असते. ३२ घरं एकदम बसली तरी घरटी ७८ एमबीपीएस. म्हणजे अडचण गल्लीत नाही.

अडचण असते तिच्या मागे. समजा ऑपरेटरने बोईसरहून १ गिगाबिटची लाइन घेतली आहे आणि तिच्यावर ३०० घरं आहेत. दुपारी वीस घरं वापरतात, सगळं झकास. रात्री साडेआठला सगळी बसली तर घरटी ३.३ एमबीपीएस. एचडीला लागतात पाचच्या आसपास. झालं, चित्र धूसर, नाहीतर गोल गोल. तुम्ही ‘१०० एमबीपीएसचा प्लॅन’ घेतलाय हे खरं. पण ते १०० तुमच्या दारापर्यंतचे, पुढची वाट सगळ्यांची मिळून.

म्हणून नवीन कनेक्शन घेताना प्लॅनचा आकडा विचारू नका. विचारा, ‘मागून लाइन केवढी आहे आणि तिच्यावर घरं किती?’ जो ऑपरेटर याचं सरळ उत्तर देतो, त्याच्याकडून घ्या.

आणखी एक, फार जणांना माहीत नसलेली गोष्ट. एकाच धाग्यातून वेगवेगळ्या तरंगलांबीचा प्रकाश एकत्र जातो. इंटरनेट खाली येतं १,४९० नॅनोमीटरवर, वर जातं १,३१० वर, आणि १,५५० वर चक्क केबल टीव्ही पाठवता येतो. म्हणजे दवंडी आणि निरोप एकाच काचेतून. ज्या ऑपरेटरने ही सोय बसवली आहे, त्याच्या गिऱ्हाइकाचा टीव्ही इंटरनेट मंदावलं तरी अडत नाही, कारण तो त्या गर्दीत उभाच नसतो.

काकांचा हिशेब

आपण डिश-केबल सोडतो तेव्हा दुसऱ्या टोकाला काय होतं ते बघा.

२०१९ च्या फेब्रुवारीपासून ट्रायची नवी दररचना आली. चॅनल सुटे निवडा, प्रत्येकाचा भाव वेगळा, आणि तेव्हा पहिल्या १०० चॅनलसाठी नेटवर्क शुल्काची कमाल मर्यादा १३० रुपये होती (ती २०२४ मध्ये काढून टाकली). १८ टक्के जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे. ऑपरेटर आणि वरची कंपनी यांचा वेगळा करार नसेल, तर या १३० मधले ४५ टक्के गावातल्या ऑपरेटरचे. म्हणजे घरटी ५८ रुपये ५० पैसे. पे चॅनलच्या वाट्यातून थोडं वर मिळतं, ते सोडून देऊ.

समजा २०० घरं. महिन्याला ११,७०० रुपये. त्यात वायर, खांब, एक पोरगा, त्याचा पेट्रोलखर्च. आता २०० ची ८० झाली, तर ४,६८०. पण वायर तेवढीच लांब राहते. ८० घरं एका रांगेत राहत नाहीत, सगळ्या गावात विखुरलेली असतात. घरं निम्म्याहून कमी झाली तरी देखभाल निम्मी होत नाही. मग एक दिवस ऑपरेटर म्हणतो, परवडत नाही, बंद करतो. त्या दिवशी ८० घरांचा टीव्ही जातो, त्यांनी रिचार्ज मारलेलं असो वा नसो.

ही नुसती आपल्या गावाची गोष्ट नाही. ट्रायच्या आकड्यांप्रमाणे पैसे भरून डीटीएच बघणारी चालू कनेक्शनं मार्च २०२१ अखेर ६.९५ कोटींच्या आसपास होती, मार्च २०२४ अखेर ६.२ कोटींच्या आसपास. मोठ्या कंपन्यांना हा फटका सोसवतो. गावातल्या ऑपरेटरला वाचवतं ते त्याचं फायबर. ज्याने वेळेत काच ओढली तो टिकला, आणि गंमत म्हणजे त्याच्याच काचेवरून आपण त्याची केबल सोडली.

बिल खरंच कमी होतं का?

अवलंबून आहे. फायबर तुम्ही कामासाठी, पोरांच्या अभ्यासासाठी घेणारच असाल, तर टीव्हीचं बिल वाचलं हे खरं. पण फक्त टीव्हीसाठी फायबर घेत असाल तर कागद-पेन घ्या. समजा नेटचे ५०० अधिक जीएसटी, ५९०. वर ॲप. नेटफ्लिक्सचा मोबाईलपुरता प्लॅन डिसेंबर २०२१ मध्ये १४९ झाला, टीव्हीवर बघायचा त्याच्या वर. जिओहॉटस्टार १४ फेब्रुवारी २०२५ ला आलं तेव्हा मोबाईलपुरतं तीन महिन्यांना १४९, टीव्हीवर चालणारं तीन महिन्यांना २९९. मराठी मालिका एका ॲपवर, सिनेमे दुसऱ्यावर, क्रिकेट तिसऱ्यावर. बेरीज केली की तीन-साडेतीनशेचं केबलचं बिल स्वस्त वाटायला लागतं.

आणि ‘फुकट’ या शब्दाचा इतिहास लक्षात ठेवा. जून २०२२ मध्ये आयपीएलचे पाच वर्षांचे हक्क विकले गेले, एकूण ४८,३९० कोटींना. भारतातले टीव्हीचे हक्क डिस्ने स्टारने २३,५७५ कोटींना घेतले, डिजिटलचे वायाकॉम१८ ने २०,५०० कोटींना. २०२३ मध्ये जिओसिनेमाने आयपीएल फुकट दाखवलं. लोकांनी त्या कारणाने डिश बंद केली. नोव्हेंबर २०२४ मध्ये या दोन्ही स्पर्धकांचा धंदा एकत्र झाला. २०२५ च्या आयपीएलला पूर्ण मॅच बघायला वर्गणी किंवा रिचार्जबरोबरची ऑफर लागली. यात बेकायदेशीर काही नाही. एवढे पैसे ओतणारा कधीतरी वसूल करणारच. पण ‘सध्या फुकट आहे’ एवढ्यावरून घरातली दुसरी सोय मोडू नये.

पैशापलीकडचंही एक. चिंचणीत बरीच घरं दागिन्यांच्या डाय बनवतात. माणूस तासन्‌तास मान खाली घालून पोलादावर बारीक नक्षी कोरत असतो आणि बाजूला टीव्ही चालू असतो. तो बघायला नसतोच, ऐकायला असतो. एक मालिका संपली की दुसरी लागते, मध्ये बातम्या येतात, वेळ कळते. स्ट्रीमिंगला हे जमत नाही असं नाही, पण ते सारखं विचारतं: आता काय लावू? अजून बघताय का? हात कामात गुंतलेल्या माणसाला निवड नको असते, सोबत हवी असते. आजी-आजोबांचंही तेच. त्यांना रिमोटवर एक आकडा दाबून सह्याद्री लागलं पाहिजे. चार स्क्रीन ओलांडून, पासवर्ड टाकून नव्हे.

गावाबाहेर पडलं की

चिंचणीहून बोईसरकडे या, तिथून हायवे पकडून तलासरीकडे जा. एकाच जिल्ह्यात, पण नेटवर्कच्या दृष्टीने दुसऱ्या जगात येता. डोंगरउताराचे पाडे, घरं लांब लांब. फायबर ओढायचा खर्च किलोमीटरवर ठरतो आणि वसुली घरांवर. चिंचणीच्या आळीत एका किलोमीटरमध्ये जितकी घरं मिळतात, तितकी पाड्यावर मिळत नाहीत. म्हणून खासगी फायबर तिथे उशिरा पोचतं किंवा पोचतच नाही.

मग लोक म्हणतात, मोबाईल आहे ना. मोबाईलचा टॉवर म्हणजे वाटून खायची भाकरी. त्याच्या एका बाजूला ५० एमबीपीएस धरले, तर २ एमबीपीएसचे २५ व्हिडिओ चालतात. सव्विसावा माणूस आला की सगळ्यांचं मंदावतं. शिवाय डेटा. २ एमबीपीएसने तासाला ९०० एमबी जातात. रोजचा दीड जीबीचा पॅक एक तास चाळीस मिनिटांत संपतो. एका माणसाने एक सिनेमासुद्धा पूर्ण बघितला नाही. आणि मोबाईल एकाच्या हातात असतो, टीव्ही सगळ्या घरासमोर.

म्हणून पाड्यापाड्यांवर ती छोटी छत्री दिसते. डीडी फ्री डिश. साहित्याचा एकदाच खर्च, साधारण दोन हजारांच्या आत, मग महिन्याचं बिल शून्य. डीटीएचची जी कनेक्शनं घटली, ती सगळी नेटकडे गेली नाहीत. ज्यांना परवडलं ते फायबरकडे गेले, ज्यांना दरमहा जमत नव्हतं ते फ्री डिशकडे. एका दरवाजाने दोघे बाहेर पडले, पण उलट्या दिशांना.

जुना तिसरा पर्याय आता उरलेला नाही. गच्चीवर ॲल्युमिनियमचा अँटेना लावून जे दूरदर्शन दिसायचं, त्याचे बहुतेक ॲनालॉग ट्रान्समीटर प्रसार भारतीने २०२२ पर्यंत बंद केले. त्यामुळे पाड्यावरच्या घरासाठी फ्री डिश हाच शेवटचा आधार. आणि त्या फ्री डिशवर काय दिसणार हेही पक्कं नाही. खासगी कंपन्या जागा विकत घेऊन तिथे फुकटचे चॅनल दाखवतात, पण त्यांना वाटलं तर निघूनही जातात. मार्च २०१९ मध्ये आणि पुन्हा एप्रिल २०२२ मध्ये मोठ्या समूहांनी आपले मनोरंजनाचे चॅनल तिथून काढून घेतले होते. पैसेवाला प्रेक्षक आणि जाहिरात दोन्ही ॲपकडे गेले, तर दवंडी देणाऱ्याला रस राहत नाही. छत्री तशीच राहते, पण तिच्यात येणारं आटत जातं.

क्रिकेट आणि एक जुना कायदा

हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. २००७ चा एक कायदा आहे, क्रीडा प्रक्षेपणाचा सिग्नल प्रसार भारतीला देण्याबद्दलचा. राष्ट्रीय महत्त्वाचे म्हणून जाहीर झालेले सामने खासगी चॅनलने दाखवले, तर त्याला तो सिग्नल त्याच वेळी प्रसार भारतीला द्यावा लागतो. भारताचे एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी सामने, वर्ल्ड कपची फायनल यात येतात. आयपीएल येत नाही. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की असा मिळालेला सिग्नल दूरदर्शनने आपल्या जमिनीवरच्या प्रक्षेपणावर आणि आपल्या डीटीएचवर, म्हणजे फ्री डिशवर दाखवावा, खासगी केबलवरून नाही.

म्हणजे ज्याच्याकडे महिन्याला एक रुपयाही नाही, त्यालाही भारताची मॅच बघायचा हक्क या देशाने दिला आहे. पण तो हक्क कुठल्या शब्दांत लिहिलाय बघा. कायदा बोलतो केबल किंवा डीटीएचवरच्या थेट टीव्ही प्रक्षेपणाबद्दल आणि रेडिओच्या धावत्या वर्णनाबद्दल. २००७ मध्ये ॲपवर मॅच ही कल्पनाच नव्हती. उद्या एखादी कंपनी म्हणाली की टीव्ही परवडत नाही, आम्ही फक्त ॲपवर दाखवतो, तर पाड्यावरच्या त्या छत्रीत मॅच यायला हे शब्द पुरतील का? इंजिनिअर म्हणून एवढंच सांगतो: नियम जेव्हा एखाद्या यंत्राच्या नावाने लिहिलेला असतो, तेव्हा यंत्र बदललं की नियम मागे पडतो. हा नियम ‘सगळ्यांना दिसलं पाहिजे’ असा लिहायला हवा, मग ते तारेने येवो, काचेने येवो, नाहीतर आकाशातून.

प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या इफ्फीत ‘वेव्हज’ नावाचं स्वतःचं ॲप आणलं. चांगलं आहे. पण ॲप म्हणजे परत निरोप. ज्याच्या घरापर्यंत रस्ता नाही, त्याच्यापर्यंत निरोप कसा जाणार?

मग करायचं काय?

आधी घरापुरतं. एक, डिश किंवा केबल बंद करण्याआधी आठवडाभर रोज रात्री साडेआठ ते दहा टीव्ही फक्त इंटरनेटवर बघा. दुपारी स्पीड टेस्ट काढून खूश होऊ नका. दोन, घरात कोण काय बघतं याची यादी करा आणि ते कुठल्या ॲपवर आहे ते तपासा, मगच बेरीज करा. तीन, घरात वयस्कर माणसं असतील तर निर्णय त्यांना विचारून घ्या. टीव्ही सगळ्यात जास्त त्यांचा असतो. चार, पे डिश काढलीत तरी फ्री डिशचा एक बॉक्स ठेवा. एकदाच खर्च होतो. वादळात कुठे काच तुटली आणि नेट गेलं, तर बातम्या आणि हवामान दिसायची एक वेगळी वाट राहते. पाच, राउटरला छोटा यूपीएस लावाच.

आता गावापुरतं. गावातल्या ऑपरेटरकडे फायबर असेल आणि तो मागची लाइन मोठी ठेवत असेल, तर पन्नास रुपये स्वस्त म्हणून लगेच दुसरीकडे पळू नका. रात्री नऊ वाजता खांबावर चढणारा माणूस गावात असणं, याची किंमत प्लॅनमध्ये लिहिलेली नसते. ग्रामसभेत भारतनेटचा विषय आला तर गप्प बसू नका, ‘पंचायतीपर्यंत आलेली काच पाड्यापर्यंत कधी जाणार?’ हे विचारा.

आपण इंटरनेटवर गेलो याचं मला वाईट वाटत नाही, माझं पोटच त्याच्यावर आहे. माझं म्हणणं एवढंच, की निरोप पोचवायची सोय प्रत्येक दारापर्यंत होत नाही, तोपर्यंत दवंडी बंद होता कामा नये.

तुमच्या गावात काय परिस्थिती आहे ते कळवा. विशेषतः डहाणू-तलासरीच्या पूर्वेकडच्या मंडळींनी रात्री नऊ वाजता त्यांच्याकडे काय चालतं, छत्री, टॉवर की काच, ते जरूर सांगा. पुढच्या भागात राउटर घरात नेमका कुठे ठेवायचा ते बघू. तो टीव्हीच्या मागे ठेवला असेल तर आजच जरा बाहेर काढा. भेटू.